पेटी घेतली त्याबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मी बाजाची पेटी घेतल्याचं कळलं आणि तू लगेच मायला फोन करून विचारलंस, "बाबा झोपतात ना बरोबर?" मी ओसरीतच होतो, ऐकू आलं. राग नाही आला. या बायपोलर आजाराच्या मागच्या तेजीत, मन भरधाव सुटलं होतं तेव्हा, मी काय काय उचलून आणलं होतं ते तू पाहिलं आहेस. पण हे विचारायचं ते मलाच विचारत जा. आजार माझा आहे, उत्तरही मलाच देता येतं.

पेटी जुनी आहे. शेजारच्या गावचं भजनी मंडळ मोडलं, त्यांची. साडेचार हजार, सोयाबीनच्या चुकाऱ्यातून, रोख. पाहिली त्याच दिवशी आणली नाही. हजाराच्या वरची वस्तू मनात आली की आठ-पंधरा दिवस थांबायचं आणि मग माय हो म्हणेल तरच घ्यायची, हा आपल्या घरचा नेम मी पाळला. माय म्हणाली, "घ्या, पण काकड्याले जायचं नाही." कबूल केलं.

आता पेटीच काहून, ते ऐक. आबांची खंजिरी अजून खुंटीला आहे. आबा तुकडोजी महाराजांच्या भजनाला त्यांच्या मोझरीच्या आश्रमात बसलेले, त्यांचा हात माझ्या हातात उतरला असं लोक म्हणत. पण या आजारावरची लिथियमची गोळी सुरू झाल्यापासून बोटांना बारीक थरथर आहे. चहाचा कप धरताना कोणाच्या लक्षात येत नाही, खंजिरीत मात्र लगेच ऐकू येते, बोल एकमेकांत मिसळतात. डॉक्टर म्हणाले, या गोळीनं पुष्कळांना होते. रक्तातलं लिथियमचं प्रमाण तपासलं, ठीक निघालं. थरथर एकदम वाढली, सोबत उलटी-जुलाब झाले किंवा चाल अडखळली तर मात्र ताबडतोब या, असं बजावलं आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम फार जातो, पाणी कमी पडलं की हे प्रमाण चढतं, म्हणून वावरात जाताना पाण्याची कॅन आधी, विळा मागून. पेटीवर लांब सूर धरायचा असतो. त्यात थरथर खपून जाते.

मंदीच्या, मन खचलेल्या दिवसांत मला गाणं नको वाटतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. भजनाचे शब्द कानाशी येऊन थांबतात. अशा वेळी कोणी "मन रमवा, दोन अभंग म्हणा" म्हटलं की उठून जावंसं वाटतं. रमायला मन जागेवर पाहिजे ना! पण पेटीचं बरं आहे, लेका. पट्टी दाबली, भाता हलवला की सूर येतो, मी कसाही असलो तरी. एकच सा धरून बसतो. अंघोळीलाही उठवत नाही अशा दिवशी तेवढं एक काम हातून होतं. त्यानं मंदी जात नाही. तो तास निघतो.

तेजीत उलटं. तेव्हा गाणं गोड लागतं, फारच गोड, आणि तेच मला घेऊन जातं. रात्रभराचा जागर, लय चढत चाललेली, लोक वाहवा करतात आणि माझी झोप उडते. दोन रात्री झोप गेली की पुढचं कोणाच्या हातात राहत नाही. आपला मृदंगवाला हे डॉक्टरच्याही आधी ओळखतो. मी धुमाळीत पुढं पळायला लागलो की तो ठेका जड करून मला मागं ओढतो आणि भजन सुटल्यावर मायला निरोप देतो. म्हणून मी फक्त संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जातो. दहाच्या आत अंथरुणावर. कोजागरीपासून काकडा सुरू आहे, पहाटे टाळ ऐकू येतात, जीव तुटतो, पण पडून राहतो. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाईन, मौन श्रद्धांजली झाली की परत. मुक्काम नाही.

गावात म्हणतात, "भजनानं बरा झाला, आता गोळ्या कशाले?" मी वाद घालत नाही, गोळी घेतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं 1949 साली लिथियमचा या आजारावरचा उपयोग लिहून ठेवला. तेव्हा इकडे तुकडोजी महाराज गावोगाव खंजिरी वाजवत होते. मला दोघंही लागतात.

मायनं कॅलेंडरवर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीचा, 14416 नंबर लिहून ठेवला आहे. तूही फोनमध्ये ठेव, तुझ्या काळजीसाठीही तो चालतो.

दिवाळीला येताना एक काम कर. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या कोमल निषादाची रीड फाटक्या आवाजात बोलते. फोटो पाठवतो, पुण्यात पेटी दुरुस्त करणाऱ्याला दाखव आणि तशीच रीड घेऊन ये. किंमत आधी मायला कळव.

तुझा,
बाबा