शाहूपुरीतल्या सायकलवाल्या काकांना, पुरातल्या त्या मेसेजांबद्दल

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप बस, चहा घे" म्हणून विषय संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाचायलाच लागणार. नाव मुद्दाम टाकत नाहीये, आपल्या भागात सायकलचं दुकान म्हटलं की कळतंय सगळ्यांना.

विषय ऑगस्ट २०१९ चा. बाहेरच्यांना तो पूर नंतर कळला, त्याला कारण पण आहे. ५ ऑगस्टला नागपंचमी होती आणि त्याच दिवशी ३७० चा निर्णय आला, टीव्ही लावला की काश्मीर आणि दिल्ली, दुसऱ्या दिवशी रात्री सुषमा स्वराज गेल्या, मग परत दिल्ली, आणि आपलं कोल्हापूर खाली पट्टीत पळत होतं. मी पुण्यात, आई-बाबा कुंभार गल्लीच्या तोंडाला तळमजल्यावर, आणि शिरोलीजवळ हायवेच पाण्यात गेलेला, हजारो ट्रक रस्त्यावर उभे, म्हणजे यायचं म्हटलं तरी येणार कुठनं. जवळजवळ आठवडाभर तो रस्ता बंद होता. तेव्हा माझ्याकडं आपल्या गल्लीची खबर कळायला फक्त एक गोष्ट होती, ती म्हणजे गल्लीच्या ग्रुपवर येणारे तुमचे मेसेज.

ग्रुपवर मेसेज तसे ढिगानं येत होते हो. कुठल्या तरी भलत्याच नदीचे व्हिडिओ, "आत्ताच आलंय, सगळ्यांना पाठवा", हात जोडलेले इमोजी. त्यात तुमचा एखादा यायचा, "सायं. ६.४०. विल्सन पुलाखाली नाल्याचं पाणी उलटं फिरलंय. मी आत्ता बघून आलो. गाड्या वर नेऊन लावा." बस, एवढंच. वेळ, जागा, स्वतः बघितलं का ऐकलं, आणि काय करायचं. ज्या ठिकाणी तुम्ही गेला नव्हता तिथं सरळ लिहायचात "दसरा चौकाचं माहीत नाही, कुणी असेल तर सांगा". त्या "माहीत नाही"मुळं माझा तुमच्या बाकीच्या मेसेजांवर विश्वास बसला.

आणि ते नाल्याचं. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाहूपुरीत पाणी नदीकडनं समोरून चालत येत नाही, ते जयंती नाल्यातनं मागच्या दारानं येतं. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, उलट नदीच नाल्यात शिरते, आणि मग पाऊस थांबलेला असला तरी व्हीनस कॉर्नरला पाणी वाढतच राहतं. माणूस आभाळाकडं बघून म्हणतो उघडलं आता, आणि तोवर पाणी उंबऱ्याला. आमचे बाबा तर त्या दिवशी खुर्चीतनं उठायला तयार नव्हते, "२००५ ला आपल्या पायरीला पण शिवलं नव्हतं" हे एकच वाक्य, आईनं सांगून झालं, मी फोनवर ओरडून झालं. तुम्ही दारात सायकल लावून आलात आणि म्हणालात, "२००५ चं २००५ ला. दादा, आज नाला बघा आणि राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघा." पंचगंगेचं पाणी या बंधाऱ्यावर मोजतात, ४३ फुटाला धोका पातळी, आणि त्या वेळी पाणी शेवटी ५५ फुटांच्या वर गेलं. बाबा उठले ते तुमच्यामुळंच, माझं काय ऐकणार होते ते. रात्री राजारामपुरीला मावशीकडं पोचले. नंतर आमच्या घरात खिडकीच्या वर पाणी होतं.

कुंभारांच्या मूर्तींचं तर मला आजही वाईट वाटतं. २ सप्टेंबरला गणपती, म्हणजे घराघरात, मांडवात, बोळात मूर्ती उभ्या, काहींचं रंगकाम पण झालेलं. तुमचा मेसेज होता, "कुणाच्या माडीवर जागा असेल तर लगेच टाका, पोरं गणपती घेऊन येतायत." अर्ध्या तासात माड्यांची यादीच झाली, तालमीची पोरं खांद्यावर घेऊन जिने चढली. सगळ्या वाचल्या नाहीत, लई नुकसान झालं त्यांचं. पण ज्या वाचल्या त्या त्या एका मेसेजमुळं वाचल्या हे मी स्वतः कुंभारांच्या तोंडनं ऐकलंय.

मग ती ऑडिओ क्लिप, राधानगरी धरण फुटलं म्हणून. रात्री आली होती, आणि एका बाईचा रडतानाचा आवाज होता त्यात. मी इकडं पुण्यात घाबरलो तर तिथं अंधारात बसलेल्यांचं काय झालं असेल. तुमचा व्हॉइस मेसेज आला, एकदम शांत आवाजात, की राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि पातळी खाली आली की आपोआप मिटतात, माणूस लागत नाही, दरवाजे उघडले म्हणजे पाणी वाढणार हे खरं पण धरण फुटलं असं नव्हं, आणि ज्यानं ही क्लिप टाकलीय त्यानं ती काढून टाकावी नाहीतर मी त्याच्या घरी येतोय. ते शेवटचं वाक्य सगळ्यात भारी होतं, क्लिप लगेच डिलीट झाली.

पूर अलमट्टी धरणामुळं का कोयनेच्या, चूक कुणाची, यावर जुंपली होती तेव्हा पण तुम्हीच लिहिलंत, "पाणी उतरल्यावर भांडा, आत्ता ग्रुप मोकळा ठेवा." हे वाक्य मी ऑफिसच्या ग्रुपवर पण वापरतो आता, पूर नसताना.

वीज गेली, मग एकेक टॉवर बंद पडायला लागला, मेसेजला एकच टिक दिसायची. तेव्हा तुम्ही आम्हा बाहेरच्यांना कामाला लावलंत. आमच्याकडं लाईट होती, नेट होतं, म्हणून बंधाऱ्याचा आकडा आणि धरणांचा विसर्ग आम्ही बघायचा आणि साध्या एसएमएसनं तिकडं पाठवायचा, आणि तुम्ही गल्लीतलं सांगायचं. दुबईतला आपला एक जण तर त्याच्या रात्रपाळीत तेवढंच करत होता. नुसतं फोन धरून काळजी करत बसण्यापेक्षा ते बरं होतं, खरं सांगतो.

पुरात पाण्याचीच बोंब असते हे बाहेरच्यांना पटत नाही. बालिंगा, शिंगणापूरचे पंप पाण्याखाली गेले की अख्ख्या शहराचे नळ बंद. मग टँकर कुठं आलाय, दूध कुठं मिळतंय, कुठलं मेडिकल अर्धं शटर उघडून बसलंय, बीपीच्या गोळ्या आहेत का, कुठल्या पंपावर पेट्रोल संपलं, हे सगळं तुम्ही सायकलवरनं हिंडून टाकत होता. व्हाइट आर्मी या बचाव पथकाच्या पोरांना कुठल्या घरात वयस्कर माणूस वर अडकलाय ते पण तुमच्याकडनंच कळलं म्हणतात, तुम्ही मात्र ते कबूल करत नाही.

पाणी उतरायला किती वेळ लागला! नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच फुगलेली असली की आपली पंचगंगा जाणार कुठं, मग इंचाइंचानं. उतरल्यावर लोक झाडू घेऊन तुटून पडले, तर तुमचा मेसेज, "आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, पंचनाम्याला लागतील. मेन स्विचला हात लावू नका, वायरमनला दाखवा. कपाटाखाली काठी फिरवा, साप असतोय." आमच्या शेजारच्या घरात खरंच निघाला.

२०२१ ला जुलैत परत ५५ च्या वर गेलं तेव्हा आमच्याकडं आरडाओरडा झाला नाही, ३९ ची इशारा पातळी ओलांडली आणि बाबांनी स्वतःच फ्रीज माडीवर चढवायला घेतला. मला फोन करून सांगतात कसे, "नाला बघून आलोय मी." तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात.

आता एक काम आहे, म्हणून पण हे लिहिलंय. ती तुमची ८९ पासूनची वही, कुठल्या सालात पाणी कुणाच्या कितव्या पायरीला होतं ती, दुकानात ग्रीसच्या डब्याजवळ ठेवता तुम्ही. दिवाळीला आलो की मी ती पानापानाचे फोटो काढून टाईप करणार आहे, नाही म्हणायचं नाही, आणि दोन पोरांना तुमच्याबरोबर नाल्यावर न्यायला सुरुवात करा, सायकल त्यांना आम्ही देतो. आणि आई सांगत होती मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही पुढं ढकलताय. पुढच्या जूनच्या आत करून घ्या काका, बंधाऱ्याचा आकडा वाचायचाय तुम्हाला.

तुमचा,
कुंभार गल्लीच्या तोंडाचा, पुण्यातला