ओहोटीच्या वेळी प्रवाळांवरून चालणे थांबवा

माननीय संपादक महोदय,

सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी अंदमानला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक त्याच सहलीत स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपही पाहून येतात. त्यांपैकी शहीद द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे नील, हे लहान आणि शांत बेट. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी ते वसवले, आजही तिथे भाजीपाला पिकतो आणि किनाऱ्यांना भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी नावे आहेत. गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिथे दोन दिवस राहिलो.

भरतपूरला मी पोहता येत नसतानाही प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली उतरले. श्वास कसा घ्यायचा, कानावर दाब आला तर काय करायचे, हे सांगून झाल्यावर त्याने तीन वेळा बजावले की, कशालाही हात लावायचा नाही आणि तळाला पाय टेकवायचा नाही. खाली एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा करकर आवाज मला पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. तो अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल पाहायला गेलो. तिथे ओहोटीच्या वेळीच जाता येते आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या खडकांमधल्या डबक्यांत जिवंत प्रवाळ असतात. एका डबक्यात निळ्या-जांभळ्या कडांचा मोठा शिंपला उघडा होता. माझी सावली पडताच तो मिटला. त्याच्या शेजारीच आमच्या गटातील एका गृहस्थांचा बूट फांदीसारख्या प्रवाळावर पडला आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. त्यांचा दोष मी मानत नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. उलट वाटाड्यानेच समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा मऊ समुद्री जीव, पाण्याबाहेर काढून छायाचित्रांसाठी हातोहात फिरवली आणि आमचे टूर मॅनेजर शेजारी उभे राहून पुढच्या बोटीची वेळ सांगत होते.

गोल, भरीव प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर असते. २०१० मध्ये समुद्राचे पाणी तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. तापणारा समुद्र आपल्या हातात नाही, पण आपला पाय कुठे पडतो हे तर आपल्याच हातात आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले असल्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मृत तुकडाही आठवण म्हणून पिशवीत टाकता येत नाही.

सहल निघण्यापूर्वी प्रत्येक कंपनी प्रवाशांची बैठक घेते. तिथे जेवण, सामान आणि खोल्यांबद्दल तासभर बोलले जाते. त्यातली पाच मिनिटे याला द्यावीत: प्रवाळांवर पाय ठेवू नये, वाळूच्या वाटेनेच चालावे, कोणताही जीव पाण्याबाहेर काढू नये आणि वाटाड्या काढू लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. आमच्या सहल कंपनीला मी तसे लेखी कळवले आहे. येत्या दिवाळीसाठी अंदमानची नोंदणी केलेल्या वाचकांनीही आपापल्या बैठकीत हा विषय आवर्जून काढावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, ठाणे