समुद्रापलीकडची नोकरी

माल्मो, रविवार रात्र

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "लेकरू अलीकडे नि तू समुद्रापलीकडे, असली नोकरी हवीच कशाला? सोडून दे." मी तेव्हा गप्प बसले. राग आला नव्हता. छोटी मांडीवर होती, तिच्यासमोर तो विषय नको वाटला, आणि फोनवर हे सगळं धड सांगताही आलं नसतं. म्हणून आज ती झोपल्यावर लिहायला बसले आहे. बाबांनाही वाचून दाखव.

आधी त्या मंगळवारचं सांगते, कारण ते तुझ्या कानावर अर्धंच आलं. दुपारी तीनच्या सुमारास, स्वीडनमधलं आमचं माल्मो आणि मी कामाला जाते ते डेन्मार्कमधलं कोपनहेगन यांना जोडणाऱ्या समुद्रावरच्या पुलावर रेल्वेच्या विजेत बिघाड झाला आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. तुझे जावई नेमके त्या दिवशी स्टॉकहोमला. बालवाडी साडेपाचला बंद होते. मी कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनावर उभी, आणि वरच्या फलकावर माल्मोच्या एकेका गाडीपुढे 'रद्द' उमटत चाललेलं. एरवी तिथून पस्तीस-चाळीस मिनिटांत मी आमच्या स्टेशनात उतरलेली असते. बदली बससाठी एवढी रांग होती की तिचं शेवटचं टोक दिसेना. पोटात गोळा आला. पहिला फोन केला तो समोरच्या दारातल्या आजींना. त्या म्हणाल्या, "मी निघालेच, तू बालवाडीत कळव." इथे पालकांनी नाव सांगितल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती देत नाहीत. मी नाव कळवलं, आजींनी जाऊन आपलं ओळखपत्र दाखवलं, आणि पाचच्या आत छोटी त्यांच्या घरी होती.

मग मी जुन्या वाटेने निघाले. उत्तरेला हेलसिंगोरपर्यंत लोकल, पाऊण तास. तिथे समुद्र सगळ्यात अरुंद आहे, जेमतेम चार किलोमीटर, आणि पलीकडे स्वीडनचं हेलसिंगबोर्य समोर दिसतं. वीस मिनिटांची बोट, पुन्हा गाडी. बोटीवरून क्रोनबोर्गचा किल्ला दिसला. या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचे राजे इथेच जकात घ्यायचे, १४२९ पासून थेट १८५७ पर्यंत. एरवी मी तो किल्ला डोळे भरून पाहिला असता. त्या दिवशी नजर सारखी घड्याळाकडे.

साडेसातला आजींच्या दारात पोचले. छोटीचे लोकरी मोजे हीटरवर वाळत घातलेले, आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती. मला पाहून उठलीसुद्धा नाही. "आई, निळी संपली नाहीत अजून," एवढंच म्हणाली. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

आई, तू सोड म्हणतेस ते या दिवसामुळे, हे मला समजतं. त्या रात्री माझ्याही मनात तेच आलं होतं. पण असे दिवस किती आणि बाकीचे किती, तेही तुला कळायला हवं.

रोजचा प्रवास असा असतो. आमच्या घराजवळचं ट्रिआंगेल्न स्टेशन जमिनीखाली आहे. डिसेंबर २०१० मध्ये शहराखालचा बोगदा सुरू झाला, त्यावरचं. तिथून गाडी वर येते, ह्युली स्टेशन जातं, आणि पुलावर चढायच्या जरा आधी डब्यातला हवेचा घूं घूं आवाज एकदम थांबतो. काही सेकंद सगळं शांत. मग पुन्हा सुरू होतो. रेल्वेची वीज दोन देशांत वेगवेगळी आहे, स्वीडनची १५ हजार व्होल्टची आणि डेन्मार्कची २५ हजारांची, आणि दोन्हींवर चालणाऱ्या या गाड्या तिथे एक सोडून दुसरी धरतात. पासपोर्टवर शिक्का नाही की फाटक नाही. मला देश बदलल्याचं कळतं ते त्या शांततेने, आणि मिनिटा-दोन मिनिटांत टुणकन वाजणाऱ्या मोबाइलने.

पूल जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. वर मोटारी, खाली आम्ही. खांबांच्या फटींतून दक्षिणेला समुद्रात उभ्या अठ्ठेचाळीस पवनचक्क्या दिसतात. आणि मग पूल मध्येच संपतो. बाबा, तुम्हाला हे आवडेल. पुढे चार किलोमीटरचं एक बेट आहे, माणसाने केलेलं, समुद्राचा तळ खणून निघालेल्या दगडमातीचं. त्या बेटावर गाडी जमिनीखाली शिरते आणि उरलेले चार किलोमीटर समुद्राच्या तळातल्या बोगद्यातून जाते. पलीकडे लगेच कोपनहेगनचा विमानतळ आहे, विमानांच्या वाटेत पुलाचे उंच मनोरे नकोत म्हणून बोगदा, आणि जहाजांची वाटही मोकळी राहते. शेजारी पूर्वीपासून एक बेट होतं, साल्टहोल्म, म्हणजे मिठाचं बेट. म्हणून या नव्या बेटाचं नाव ठेवलं पेबरहोल्म, मिरीचं बेट. तिथे कुणी काही पेरलं नाही. जे उगवेल ते उगवू दे म्हणून सोडून दिलं, आणि आज तिथे पाचशेहून जास्त जातींची झाडंझुडपं आहेत. माणसांना जायला बंदी. मी रोज दोनदा त्यावरून जाते आणि रोज खिडकीशी बसते.

पूल सुरू झाला १ जुलै २००० रोजी. समोरच्या आजी तरुणपणी कोपनहेगनला कामाला होत्या, तेव्हा माल्मोहून बोटी सुटत. धुकं पडलं की बोट नाही, आणि मग मैत्रिणीकडे रात्र काढायची. त्या दिवशी त्यांनी ते मला दोनदा सांगितलं, धीर यावा म्हणून.

तू विचारलं होतंस, नोकरी तिकडे तर घरच तिकडे का नाही घेत? एक कारण पैशाचं. कोपनहेगनमध्ये एवढ्या जागेला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात. मला पगार डॅनिश क्रोनमध्ये मिळतो आणि खर्च होतो स्वीडिश क्रोनमध्ये, आणि एका डॅनिश क्रोनला साधारण दीड स्वीडिश पडतात. पण खरं कारण जावयांची नोकरी, छोटीची बालवाडी, समोरचं दार. ते एका बाजूला आणि माझी प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला. माझ्या डब्यात रोज एक डॅनिश गृहस्थ असतात, त्यांची बायको परदेशी. डेन्मार्कने २००२ मध्ये कायदा केला की परदेशी जोडीदाराला आणायचं तर दोघांचंही वय चोवीस हवं. यांची वयं कमी होती, म्हणून ते संसार मांडायला माल्मोत आले. तसे पुष्कळ आले. चोविशी कधीच उलटली, मुलं मोठी झाली, पण परत गेले नाहीत. रोज आपल्याच देशात कामाला जातात आणि दुसऱ्या देशात घरी येतात.

सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जो त्रास आहे तो कागदांचा. नियम असा की माणसाचा सामाजिक विमा एकाच देशाचा, आणि तो काम असेल तिथला. म्हणून माझा विमा डेन्मार्कचा. स्वीडनमध्ये मूल आजारी पडलं की आईने किंवा वडिलांनी घरी राहावं, त्या दिवसांच्या पगाराचा मोठा भाग सरकारी विमा देतो, मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. तो हक्क जावयांना आहे, मला नाही, कारण मी इथे राहत असले तरी इथली विमेदार नाही. छोटीला ताप आला की तेच घरी थांबतात. मी प्रयोगशाळेत उभी, आणि ती तिकडे तापलेली. आई, मला टोचतं ते हे. गाडी बंद पडली त्या एका दिवसापेक्षा हे जास्त टोचतं. घरून काम करायचं म्हटलं तरी दिवस मोजून ठेवावे लागतात. १ जानेवारी २०२५ पासून दोन्ही देशांचा करासाठी नवा करार लागू झाला. निम्मं काम तरी डेन्मार्कात होत असेल, तर घरी बसून केलेल्या कामाचा करही तिकडेच भरायचा. त्याआधी माझ्याबरोबरच्या एकीला दोन्हीकडे विवरणपत्रं भरताना रडू आलेलं मी पाहिलं आहे.

आणि पासपोर्ट. तो विषय आपण दोघी टाळतो. मी भारताचा निळा पासपोर्ट परत केला तेव्हा तू दोन दिवस नीट बोलली नव्हतीस. स्वीडनमध्ये राहायचा परवाना असला तरी त्यावर डेन्मार्कात नोकरी करता येत नाही, त्यासाठी तिकडचा वेगळा परवाना लागतो. स्वीडनच्या नागरिकाला मात्र काही लागत नाही, १९५४ पासून या उत्तरेकडच्या देशांत एकमेकांकडे मोकळेपणी काम करायची मुभा आहे. मला ही नोकरी करायची होती, म्हणून मी तो पासपोर्ट दिला. हलक्या मनाने दिला नाही, आई. त्या दिवशी परत येताना मीही गाडीत कुणाशी बोलले नव्हते.

आता नोकरीचं. मी इन्सुलिनच्या प्रत्येक बॅचचे नमुने तपासते. बॅच बाहेर जाण्याआधी तिची ताकद बरोबर आहे ना, त्यात नको ते काही नाही ना, हे पाहायचं. काही शंका आली तर मी सही करत नाही, आणि माझी सही नसेल तर माल हलत नाही. डेन्मार्कात हे काम १९२३ पासून चालू आहे. ऑगस्ट क्रोघ नावाचे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ १९२२ मध्ये अमेरिकेला गेले, सोबत त्यांची बायको मारी, स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. कॅनडात नुकत्याच सापडलेल्या इन्सुलिनबद्दल तिने ऐकलं आणि नवऱ्याला टोरांटोला जायलाच लावलं. तिथून ते इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन आले. बाबा गेली अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ पोटाला सुई टोचून घेतात. मी काचेची कुपी उजेडात धरते तेव्हा दर वेळी नाही, पण पुष्कळदा मला त्यांचा तो खिडकीजवळचा स्टूल आठवतो. हे काम मला येतं. ते मी मन लावून करते. ते सोडलं तर घरी राहीन, पण जी आई छोटीला मिळेल ती अर्धीच असेल.

म्हणून, नोकरी सोडणार नाही. पण तू बोललीस ते वाया गेलेलं नाही. आता बालवाडीत तीन नावं देऊन ठेवली आहेत, आजी, त्यांची मुलगी आणि जावयांचे इथले मित्र. मी पुलापलीकडे असेन त्या दिवशी जावयांनी मुक्कामी बाहेर जायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. आणि बुधवारी मी घरून काम करते, त्या दिवशी तिला आणायला मीच जाते.

बाबांना एक गंमत सांगायची राहिली. डॅनिश आकडे ऐकून मी सुरुवातीला गोंधळून जायचे, स्वीडिश आकडे सरळ आहेत. डॅनिशमध्ये पन्नासला म्हणतात 'हाल्त्रेस'. फोड विचारली तर कळलं, 'अर्धा तिसरा' गुणिले वीस. म्हणजे अडीच विसा! आणि आपला 'अडीच' हा संस्कृत 'अर्धतृतीय' वरूनच आला, बाबांनीच शिकवलं होतं. सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. शिवाय पंचावन्नमध्ये आपण जसा पाच आधी घेतो, तसेच तेही पाच आधी घेतात. प्रयोगशाळेत मी हे फळ्यावर मांडून दाखवलं, तर सगळे उठून फळ्यापाशी आले. माझी मोठी आजी सगळा हिशेब विसांतच करते, हे त्यांना खरं वाटेना.

तर एवढं कर. आजीला अंगणात बसव आणि तिच्याकडून विसांत शंभरापर्यंत मोजून घे. फोनवर रेकॉर्ड करून पाठव. घाई करू नकोस तिला, मध्ये थांबली तर थांबू दे. जूनमध्ये तुम्ही दोघं या. व्हिसासाठी लागणारी पत्रं आणि माझ्या पगाराचे कागद मी या आठवड्यात पाठवते. एकाच व्हिसावर दोन्ही देशांत फिरता येतं. तुला खिडकीची जागा देईन, आणि तो आवाज थांबतो तिथे तुझा हात धरीन.

छोटीने बटणांतलं एक निळं तुझ्यासाठी मागून घेतलं आहे. पाकिटात ठेवते.

बाबांना नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझी,
धाकटी