नव्या कॉम्प्युटरच्या बिलावर विंडोज कुठलं दिलं ते लिहून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्याकडं येणाऱ्या लोकांचे प्रश्नच बदललेत. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. आधी लोक विचारायचे मशिन स्लो का झालंय, आता विचारतात नवीन घेऊ का, आणि घेतलं तर विंडोज कुठलं टाकू, दुकानदार म्हणतोय ओईएम स्वस्तात बसेल, मुलगा म्हणतोय रिटेलच घ्या, आणि ऑनलाइन कुणीतरी चारशे-पाचशे रुपयांत लाइफटाइम 'की' (विंडोज चालू करायचा कोड) देतोय, मग खरं काय? एकेकाला समजावून सांगतोच, पण हे सगळ्यांनी वाचायला हवं असं वाटलं म्हणून तुम्हाला लिहितोय. पत्र लांबलंय, पण त्यातलं काय गाळावं ते मला कळेना.

आधी साधी गोष्ट. विंडोज आपण विकत घेतो म्हणजे ते वापरायची परवानगी घेतो, आणि ती परवानगी कुणाला चिकटलेली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. ओईएम, म्हणजे मशिन बनवणाऱ्यानं मशिनबरोबरच दिलेलं लायसन्स, मशिनला चिकटलेलं असतं, आणि मशिन म्हणजे मदरबोर्ड, आतला मुख्य बोर्ड. रॅम वाढवा, एसएसडी टाका, कॅबिनेट बदला, काही फरक पडत नाही, पण बोर्ड गेला की लायसन्स त्याच्याबरोबर गेलं. मशिन विकलं तर लायसन्सही घेणाऱ्याकडं जातं, आपल्याकडं ठेवून घेता येत नाही. रिटेल, म्हणजे मशिनशिवाय वेगळं विकत घेतलेलं लायसन्स, घेणाऱ्या माणसाकडं राहतं. जुन्या मशिनवरून काढायचं आणि नव्यावर टाकायचं, एका वेळी एकाच मशिनवर, एवढीच अट. काही अडलं तर रिटेलवाल्याला मायक्रोसॉफ्टकडं जाता येतं, ओईएमवाल्यानं ज्यानं मशिन बनवून दिलं त्याच्याकडं जायचं, मग तो मोठा ब्रँड असो नाहीतर आपल्या गल्लीतला असेंबल करून देणारा. आत विंडोज दोन्हीकडं तेच, तेच अपडेट, तोच स्पीड. ओईएम म्हणजे हलका माल असं बरेच जण धरून चालतात, ते खरं नाही.

मग एवढा फरक पडतो कुठं? आम्ही सांगलीकरांनी तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये बघितला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गणपती पेठ, मारुती रोड सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर दुकानांतून, ऑफिसांतून मशिनं बाहेर काढली तेव्हा कॅबिनेटमध्ये गाळ बसलेला. हार्डडिस्क बऱ्याच वाचल्या, धुऊन पुसून वाळवून डेटा निघाला, व्यापाऱ्यांच्या टॅलीचे हिशेब निघाले, त्याचा आनंद सांगता येणार नाही असा होता. पण बोर्ड गेले. नवीन बोर्डावर जुनी डिस्क लावली की विंडोज ॲक्टिव्हेट करा, म्हणजे लायसन्स पक्कं करून घ्या, म्हणून मेसेज, आणि मग त्या माणसाला सांगायचं की साहेब तुमचं विंडोजपण पुरात गेलं. लोकांना ते पटायचं नाही, आणि मला त्यांचं बरोबर वाटतं, कारण पैसे भरताना हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वॉरंटीत बोर्ड खराब निघाला आणि कंपनीनं तसलाच दुसरा बसवून दिला तर ओईएम लायसन्स चालू राहतं, तशी सोय नियमात आहे, पण पुराचं पाणी वॉरंटीत बसत नाही. फोन करून विनंती केली तर कधी कधी ॲक्टिव्हेट करून मिळतं, पण तो हक्क नाही, समोरच्याच्या मनावर आहे. ज्यांच्याकडं रिटेलची की होती त्यांनी नवीन बोर्डावर तीच टाकली आणि ते कामाला लागले. विंडोज ७ च्या मशिनवर तर की छापलेला स्टिकर कॅबिनेटला बाहेरून लावलेला असायचा, पाण्यानं त्यावरची अक्षरंच गेली होती. पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी आलं, तेव्हा निदान काही जणांनी मशिनं आधीच वरच्या मजल्यावर नेली होती.

आता दुसरी गोष्ट, आणि हिचा मला जास्त राग येतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की बायॉसमध्येच (बोर्डवरच्या चिपमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामजवळ) भरून येते. म्हणजे लॅपटॉप फॉरमॅट मारला, एसएसडी नवी टाकली, तरी विंडोज स्वतःच बायॉसमधून की वाचून घेतं, इंटरनेट लागलं की ॲक्टिव्हेट. एक रुपया वेगळा लागत नाही. आणि तरीही आमच्याच धंद्यातले काही जण काय करतात, गिऱ्हाइकानं लॅपटॉप फॉरमॅटला दिला की पेनड्राइव्हमधलं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं, प्रो (विंडोजची होमच्या वरची आवृत्ती) टाकून देतात आणि वर 'विंडोजचे' म्हणून वेगळे पैसे घेतात. ज्या माणसाकडं लॅपटॉपबरोबर पैसे देऊन घेतलेलं अस्सल होम होतं त्याच्या गळ्यात चोरीचं प्रो! क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला, आणि त्याच लॅपटॉपवर तो माणूस बँकेचा पासवर्ड टाकतोय. त्याला यातलं काहीच माहीत नसतं. लॅपटॉप फॉरमॅटला देताना एवढंच सांगा की बायॉसमध्ये जे आलंय तेच टाका, होम असेल तर होमच. प्रोमध्ये जास्तीचं म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरचे पूर्ण पर्याय, मशिन ऑफिसच्या डोमेनला (सामायिक नेटवर्कला) जोडणं, लांबून त्या मशिनवर रिमोट डेस्कटॉपनं येणं असल्या गोष्टी, घरात किंवा किराणा दुकानाच्या काउंटरवर त्या बहुतेक कुणाला लागत नाहीत.

तुमच्या मशिनवर काय आहे ते स्वतः बघता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, छोटी चौकट येईल, तिच्यात इंग्रजीत एस एल एम जी आर, मग एक स्पेस, मग स्लॅश, मग डी एल आय टाइप करून एंटर मारा. जी खिडकी उघडेल तिच्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनल लिहिलेलं असतं, तिथं ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम असं दिसेल. डी एल आय च्या जागी एक्स पी आर टाकलं तर कायमचं ॲक्टिव्हेट आहे की तारीख पडलीय ते कळतं. घरच्या मशिनवर व्हॉल्यूम दिसलं तर सरळ समजा की काहीतरी गडबड आहे, कारण व्हॉल्यूम लायसन्स कंपन्या, कॉलेजं यांच्यासाठी असतं आणि त्यातला केएमएस नावाचा प्रकार एका वेळी १८० दिवसच चालतो, कंपनीच्या सर्व्हरकडून पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. क्रॅकवाले बऱ्याचदा हाच सर्व्हर खोटा उभा करतात.

चारशे-पाचशेच्या कीचंही तसंच. त्या कुठून येतात याचं उत्तर विकणारा देत नाही. कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूममधली असते, भंगारात गेलेल्या मशिनची ओईएम असते, नाहीतर तीच की अनेकांना विकलेली असते. ॲक्टिव्हेट होते, आठ-दहा महिने चालते, मग एके दिवशी ब्लॉक. काही विकणारे युरोपातल्या कायद्याचा दाखला देतात, आणि तो अगदीच खोटा नाही हेही सांगितलं पाहिजे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं २००० मध्ये ओईएमची प्रत मशिनशिवाय वेगळी विकता येते असा निकाल दिला, आणि २०१२ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टानं कायमचं घेतलेलं वापरलेलं लायसन्स दुसऱ्याला विकता येतं असं म्हटलं. पण त्यात अट अशी की पहिल्या मालकानं स्वतःची प्रत बंद केली पाहिजे, आणि गठ्ठ्यानं घेतलेलं लायसन्स फोडून सुटं विकता येणार नाही. तो निकाल तिथला, आणि इथं विकणाऱ्याकडं पहिल्या मालकाचा पत्ताही नसतो. आपल्याकडं कॉपीराइट कायद्यात कलम ६३ ब आहे, माहीत असून बेकायदा सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दुकान, क्लास, सीएचं ऑफिस हा धंदाच झाला.

आत्ता ज्यांना नवीन मशिन घ्यायचंय त्यांच्यासाठी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. त्याच्या आधीची मशिनं चांगली चालत असली तरी ११ ला पात्र नाहीत. अशा मशिनवर रिटेल विंडोज १० असेल तर ते फेकू नका, ते लायसन्स नव्या असेंबल मशिनवर नेऊन ११ फुकट होतं. ओईएम असेल तर जुन्याबरोबरच संपलं. विंडोज ७, ८ च्या जुन्या की घेऊन लोक अजून येतात, आधी त्या १० आणि ११ ला चालायच्या, सप्टेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलंय. आणि घाई नसेल तर विंडोज १० वरच जास्तीचे सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची योजना आहे, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर सेटिंगचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसेही पडत नाहीत.

मग घ्यायचं कुठलं? लॅपटॉपमध्ये विचारच नको, ओईएम येतंच, लॅपटॉपचा बोर्ड बदलण्यापेक्षा लोक लॅपटॉपच बदलतात. फक्त डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त म्हणून घेऊन मग क्रॅक टाकू नका, विंडोज लागणारच असेल तर विंडोजसकटच घ्या, वेगळं घ्यायला गेलात तर त्याहून महाग पडतं. असेंबल डेस्कटॉप एकदा बसवला की मरेपर्यंत तसाच चालवायचा, बिलिंग आणि टॅलीपुरता, तर ओईएम पुरे. पण एडिटिंगवाले, फोटो स्टुडिओवाले, गेम खेळणारी पोरं, ज्यांचा दर तीन-चार वर्षांनी बोर्ड-प्रोसेसर बदलतो, त्यांनी रिटेलच घ्यावं, दुसऱ्या बोर्डाच्या वेळी पैसे वसूल होतात. आणि नदीकाठच्या गावांत तळमजल्यावर दुकान असेल तर माझं मत रिटेलकडंच झुकतं, मग कुणी काहीही म्हणो. रिटेल घेतलं की लगेच मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला जोडून ठेवा, बोर्ड बदलला तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून 'हार्डवेअर बदललंय' म्हणून सांगता येतं. की लिहिलेला कागद मशिनपासून लांब ठेवा.

नियमानं असेंबलवाल्यांसाठी जे ओईएम मिळतं ते मशिन बनवून दुसऱ्याला विकणाऱ्यासाठी आहे, त्यानंच टाकून द्यायचं, स्टिकर कॅबिनेटला लावायचा आणि सपोर्टही त्यानंच द्यायचा. म्हणून माझी मागणी दुकानदारांकडं आहे, आणि मी स्वतः या धंद्यात असून करतोय. बिलावर आपण प्रोसेसरचं मॉडेल लिहितो, रॅम किती जीबी ते लिहितो, एसएसडीचा सिरियल नंबर लिहितो, आणि विंडोजच्या जागी एकतर काहीच नसतं नाहीतर 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' एवढंच. तिथं वेगळी ओळ हवी, विंडोज ११ होम ओईएम किंवा रिटेल, किंमत आणि जीएसटीसकट. विंडोज दिलंच नसेल तर 'विंडोज नाही' असं लिहा. गावोगावच्या कॉम्प्युटर व्यापाऱ्यांच्या संघटनांनी बसून हे ठरवलं तर पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकतं, याला सरकारी आदेश लागत नाही. शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी टेंडरमध्येही हे लिहावं, कारण विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स मूळ लायसन्सच्या वरचं अपग्रेड असतं, रिकामी मशिनं घेऊन नुसतं व्हॉल्यूम टाकलं तर ते अपुरं पडतं आणि ऑडिटमध्ये हेडमास्तर सापडतात.

गिऱ्हाइकांनी पक्कं बिल मागावं. पक्कं म्हटलं की १८ टक्के जीएसटी वाढतो म्हणून लोक कच्च्यावर घेतात, पण मग फसवणूक झाली तर हातात काही उरत नाही. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते.

ज्यांना विंडोजचे पैसे खरंच परवडत नाहीत त्यांनी क्रॅकच्या ऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टीम) टाकून बघावं, फुकट आहे, जुन्या मशिनवर चांगलं चालतं, मराठी इनस्क्रिप्टनं टाइप होतं, मुलांचा अभ्यास, पत्रं, व्हिडिओ सगळं होतं. टॅली मात्र त्याच्यावर सरळ चालत नाही, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपापलं कुठलं सॉफ्टवेअर चालतं ते आधी विचारून घ्यावं.

कळावे,
आपला,
एक वाचक, सांगली