अदिस अबाबाहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे, खरंच. बाबा, तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला, माळकऱ्याची पोर कच्चं मांस खाणाऱ्यांत कुठं जाऊन राहिली वगैरे. परत सांगते, मी मांस खात नाही, कच्चं तर नाहीच नाही. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार उपास धरतात, त्या दिवशी दूधसुद्धा चालत नाही, शिरो म्हणजे जवळपास आपलं पिठलंच मिळतं, त्यामुळे माझे जेवणाचे हाल नाहीत.

पण ते कच्च्या मांसाचं नीट ऐका, नाहीतर आत्या भलतंच पसरवेल. खाटकाच्या दुकानातच टेबल-खुर्च्या मांडलेल्या असतात, लोक टांगलेल्या बैलाचा आवडीचा भाग दाखवतात, तो तसाच ताटात येतो, मग आपणच सुरीने तुकडे कापायचे, मिटमिटा नावाच्या जहाल तिखटात बुडवायचे आणि खायचे. गरिबी म्हणून नाही हं, ही चैन आहे, लग्नात हवीच, आणि ईस्टरचा ५५ दिवसांचा उपास सुटला की विचारूच नका. त्यातूनच पोटात टेपवर्म होतो, म्हणजे पट्टीसारखा जंत, कित्येक मीटर लांब. त्याची कुणाला लाजही नाही, पूर्वी लोक तो पाडायला दर दोनेक महिन्यांनी कोसोच्या झाडाची कडू फुलं वाटून उपाशीपोटी प्यायचे आणि तो दिवस घरी काढायचे.

आम्ही तेच तपासतोय, जंतावरची ही इथली झाडपाल्याची औषधं खरंच जंत मारतात का: कोसो, मेतेरेच्या बिया आणि एनकोको. आई, एनकोको वावडिंगाच्याच जातीचं आहे, तू बाळाच्या पाण्यात उकळायचीस ना, तेच. माणसातला हा जंत उंदरात वाढत नाही म्हणून उंदरातला छोटा टेपवर्म घेतो, अर्कात ठेवतो, हालचाल कधी थांबते ते बघतो, शेजारच्या डिशमध्ये तुलनेला निक्लोसामाइड, जंताचं नेहमीचं औषध. हातात ग्लोव्हज असतात आई, असतात!

बाबा म्हणतील प्राझिक्वांटेल या जंताच्या औषधाच्या एका डोसात काम होतं, मग हा खटाटोप कशाला. तर गावाकडे लोक अजून झाडपाला घेतातच, आणि डिशमध्ये जंत मेला म्हणजे पोटात मरेलच असं नाही. कोसो जास्त झाला तर उलट्या होतात, नजर गेल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून आत्याला सांगा, माझं नाव सांगून कुणाला वावडिंग देऊ नकोस.

पैसे पाठवलेत, स्टायपेंड उशिरा झाला म्हणून थोडे कमी आहेत, पुढच्या महिन्यात भरून काढते, मंडपवाल्याचं त्यातून भागवा. आणि दादाच्या लग्नाचं, आई, रडू नकोस, उंदरांना इन्फेक्शन देऊन झालंय आणि मधेच सोडून आले तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. करवली म्हणून चिमीला उभी करा, माझी जांभळी पैठणी नेसू दे तिला, पिको केलेली आहे. दादा काही बोलत नाहीये माझ्याशी, त्याला एकदा फोन उचलायला सांगा. त्या सांगलीच्या स्थळाला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका एवढ्यात.

मुहूर्त सकाळचा असला तरी चालेल, इथं अडीच तास मागे आहे, मी उठेन. फक्त व्हिडिओ कॉलला फोन काकांच्या हातात देऊ नका, ते मंडपाचं छतच दाखवत बसतात.

तुमची,
मनू