जुना स्टँड देतोस का, म्हणालास

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. परवा फोनवर दोन प्रश्न टाकलेस आणि वहिनींनी जेवायला हाक मारल्यावर ठेवून दिलास. एक, पक्ष्यांना दाणे ठेवायचा स्टँड कुठला घेऊ, हजारात बसव. दोन, तुझा तो पहिला स्टँड व्हरांड्यात पडूनच आहे ना, तो मला देऊन टाक. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कारण शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर मधलं तू वाचणार नाहीस.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. शिवाय काल दोन्ही पालख्या पुढे गेल्या. माउलींची दिवे घाटाकडे, तुकोबांची लोणीकडे. दोन दिवस गजबजलेलं गाव आज कसं सुनं सुनं झालंय. बाहेर बारीक पाऊस आहे, म्हणजे आमच्या भाषेत बारीक. तुमच्या तळेगावात याला कोणी पाऊस म्हणणार नाही.

तर पहिला स्टँड. दिवाळीनंतर मोबाइलवर बघून मागवला, १,९९९ रुपये. फोटोत निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा एक गोंडस पक्षी उलटा लटकलेला होता. मी त्या पक्ष्यावर भाळलो रे. नंतर कळलं की तो विलायतेतला ब्लू टिट, आपल्याकडे नाहीच. अख्खा स्टँड त्याच्याच हिशेबाने केलेला. बर्फात उपाशी राहणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी चरबीचे गोळे टांगायची जाळी, शेंगदाण्यांची बारीक नळी, असला सगळा संसार. पुण्यात एप्रिलमध्ये चरबीचा गोळा टांगला तर पक्षी यायच्या आधी मुंग्यांची दिंडी निघेल.

पाच तुकडे एकमेकांत पिळायचे, खाली तीन टोकदार पाय जमिनीत रोवायचे. आमच्या बागेत वीतभर मातीखाली मुरूम. पाणी ओतून, वर वीट ठोकून कसाबसा रोवला. पहिल्या दिवशी कावळे येऊन पाहणी करून गेले, दुसऱ्या दिवशी साळुंक्या आणि चौथ्या दिवशी पारवे. एक पारवा साधारण तीनशे ग्रॅमचा. पाच जण एकाच बाजूच्या आकड्यावर बसले की दीड किलो. आठवड्यात स्टँड लग्नातल्या दमलेल्या काकांसारखा एका अंगावर कलला.

कलण्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण पारव्यांनी घर दाखवून दिलं, म्हणजे बाकीच्या पारव्यांना. महिन्याभरात तीस-पस्तीस जण कंपाउंडवर रांगेने बसायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना जुना खोकला. त्या तावातावाने भांडायला आल्या असत्या तर मीही चार शब्द ऐकवले असते. पण त्या पायऱ्या उतरून आल्या, बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, कबुतरांपासून लांब राहा. आता मी कुठं जाऊ रे लांब?” मला काही बोलताच येईना. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसाला कायमची सूज येते, हे मी पेपरात वाचलेलं होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा दोन्ही बाजूंचा आरडाओरडा टीव्हीवर बघून मी चहा पीत मतंसुद्धा दिली होती. आणि इकडे स्वतःच्या अंगणात छोटा कबुतरखाना उघडून बसलो होतो.

त्याच दिवशी दाणे बंद केले. तीन आठवडे पारवे रोज सकाळी येऊन माझ्याकडे देणेकऱ्याकडे बघावं तसं बघायचे. मग येईनासे झाले.

म्हणून अव्या, माझं एकच ऐक. आपल्याकडे स्टँड घेताना कोण यावं हा विचार नंतर करायचा, कोण येऊ नये हा आधी. दुकानातले आणि मोबाइलवरचे बहुतेक स्टँड ‘या, बसा’ म्हणणारे असतात. उघडं ताट म्हणजे पारव्यांचं ताट. मोठाले दांडे, रुंद कडा, नक्षीदार वेली, हे सगळं त्यांच्याच बैठकीची सोय. तळेगावात तुझ्या आसपास पारवे कमी असतील, पण एकदा तुझा पत्ता लागला की जास्त होतील.

आता हजारातलं गणित. जानेवारीत मी दुसरा स्टँड स्वतः उभा केला. जुन्या बाजारात रविवारी जाऊन एक इंची जीआय पाइप आणला, सात फूट, १८० रुपये (अडीचशे सांगत होता). रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घरचाच. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, तिथल्या मुकादमाने दोन घमेली कालवलेलं काँक्रीट फुकट दिलं आणि हे कशाला हवंय ते ऐकून तिसरंही दिलं. डब्यात पाइप उभा करून ओतलं, दोन दिवस पाणी मारलं. आता वळवाचं वारं येवो नाहीतर पाच पारवे, हलत नाही. वरती आडवी पट्टी आणि दोन आकडे कोपऱ्यावरच्या वेल्डरने १५० रुपयांत जोडून दिले.

दाण्यांचं ताट म्हणून काय वापरलं सांग? गव्हाची चाळण! स्टीलची, मोठ्या भोकांची नाही, बारीक. पाणी खाली निघून जातं, दाणे वाळतात, घासायला सोपी. दुकानातल्या ‘मेश ट्रे’ला जाळीच्या कोपऱ्यांत जी चिकट घाण अडकते, ती इथे अडकतच नाही. १४० रुपये. भोवती दोन इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी, बोहरी आळीतून तीन फूट, २१० रुपये. तिचं पिंजऱ्यासारखं नळकांडं करून चाळणीभोवती बसवलं, वरूनही बंद केलं. चिमणी आणि मुनिया त्या चौकोनातून सुळकन आत जातात, पारव्याचं डोकं जातं आणि खांदे अडतात. जाळीची कापलेली टोकं मात्र कानशीने घासून घे, नाहीतर त्यांना इजा व्हायची. पाण्यासाठी कुंभारवाड्यातून दोन मातीची परळं, १०० रुपये. झाले ७८०. उरलेल्या २२०चे दाणे घे.

आणि खर्च खरा तिथे आहे, बरं का. रोज दोन मुठी म्हटलं तरी महिन्याला तीन किलो होतात. वर्षाचा हिशेब केला तर दाण्यांत स्टँडची किंमत निघते. बाजरी, तांदळाची कणी आणि थोडे राळे, एवढं पुरतं. सूर्यफुलाच्या बिया मी हौसेने आणल्या होत्या. पोपटांना वास लागला असावा. एका पायात बी धरून सोलायचं, अर्धं खायचं, अर्धं फेकायचं आणि पुढचं उचलायचं. चार दिवसांत अर्धा किलो उडवला. बघायला मजा आली, पण आपल्या पेन्शनीत बसणारी मजा नव्हे. पाव, शेव, फरसाण, खारे शेंगदाणे अजिबात ठेवू नकोस, मीठ त्यांना सोसत नाही. साधे शेंगदाणेसुद्धा पावसाळ्यात नकोत. दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि ती विषारी असते. आकड्याला एक खिळा बांधून त्यावर पपईची फोड किंवा पिकलेलं केळं टोच, बुलबुल हजर. जाळीत शिरण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

चिमण्या यायला सव्वा महिना लागला. मी तोवर रोज सकाळी चष्मा पुसून खिडकीत. बायको म्हणाली, मुलगी बघायला येणार होतात तेव्हासुद्धा तुम्ही एवढे अस्वस्थ नव्हता. (ती त्या वेळी मुलीच्या बाजूला होती, तिला कसं माहीत?) आता बारा-चौदा येतात. त्यांच्या पिल्लांना मात्र दाणे चालत नाहीत, अळ्या-किडेच लागतात. तेव्हा जास्वंदीवर औषध मारणं बंद केलंय. पांढरा मावा पडलाय, पडू दे. दयाळ तर दाण्याला चोच लावत नाही, तरी रोज पाइपच्या टोकावर बसून खालच्या मातीतले किडे टिपतो आणि मध्येच शीळ घालून जातो.

एक गोष्ट मी चुकलो, तू चुकू नकोस. सुरुवातीला स्टँड मोठ्या खिडकीपासून बारा-तेरा फुटांवर होता. फोटो छान येत. एके दिवशी शिक्रा झेपावला, सगळे फर्रकन उडाले आणि एक बुलबुल सरळ काचेवर आदळला. काचेत त्याला आमचा पेरू दिसला असणार. पंख पसरून पायरीवर पडला. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवला, अंधारात, पाणीबिणी काही न पाजता. तासाभराने खोकं उघडलं तर माझ्या कानाजवळून गेला. तेव्हापासून स्टँड काचेपासून तीन फुटांच्या आत आणलाय. इतक्या जवळून उडाले तर वेग धरत नाहीत, आदळले तरी लागत नाही. नाहीतर मग तीस फूट लांब ठेवायचा. मधलं अंतर वाईट.

खारींबद्दल विचारू नकोस. पाइपवर चढू नयेत म्हणून मध्यावर उलटं घमेलं अडकवलं. चार दिवस ती खालून वर बघत बसली. पाचव्या दिवशी खिडकीच्या ग्रिलवर चढली आणि तिथून सरळ जाळीवर उडी. दोन इंची चौकोन तिलाही पुरतो. शेवटी तह केला. घमेलं काढून जाळीच्या वर छप्पर म्हणून बसवलं आणि आता पावसात तेच कामाला आलंय. तुझ्याकडे छप्पर पहिल्या दिवसापासून लाव, तुमच्या पावसात बाजरीला कोंब येतील.

आणि धुणं. हे तुला आवडणार नाही, तू स्कूटरसुद्धा कधी धुतली नाहीस. दर रविवारी चाळण आणि परळं घासायची, महिन्यातून दोनदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून बुडवायची, खळखळून धुऊन उन्हात कोरडी करायची. एकाच ताटात सगळे जेवतात, एक आजारी असला की सगळ्यांना लागण. एखादी चिमणी पिसं फुगवून तासन्‌तास एका जागी बसलेली दिसली तर पंधरा दिवस दाणे बंद, सगळं पांगू दे. संध्याकाळी खाली सांडलेले दाणे झाडून घ्यायचे, नाहीतर घुशी येतात. आमच्याकडे आली होती एक, मांजराएवढी. पाणी रोज बदल, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेव. सगळं करायचा कंटाळा आला तर दाणे सोड आणि नुसतं पाणी ठेव. मे महिन्यात माझ्या दाण्यांपेक्षा त्या परळांवरच गर्दी होती. मुनिया ओळीने कडेला बसायच्या.

लिहिता लिहिता तुझं आजोळ आठवलं. ओट्याच्या वाश्याला तुझे आजोबा बाजरीची कणसं टांगून ठेवायचे आणि आपण ती ओढून खाली पाडायचो, मग बोलणी खायचो. त्या कणसाला पारवा लोंबकळू शकत नव्हता! पाइप नाही, जाळी नाही, धुणं नाही, खाऊन संपलं की संपलं. मामा अजून बाजरी करतात का? सुगीला गेलास तर वीसेक कणसं माझ्यासाठी आण, दांड्यासकट.

आता तो जुना स्टँड. जानेवारीत उपटून व्हरांड्यात कोपऱ्यात उभा केला होता, भंगारवाल्याला द्यायला. मार्चमध्ये बायको कुंचा घेऊन जळमटं काढत होती, तर वरच्या आकड्याला काहीतरी कचरा लोंबत होता. वाळकी पानं, दोऱ्याचे तुकडे, कागदाचा कपटा, सगळं कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेलं. ती झाडणार एवढ्यात कचऱ्यातून चोच बाहेर आली. शिंजीर! कचऱ्याला बाजूने छोटं दार होतं आणि दारावर पावसाळी पडवीसारखी झापडी. पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही दोघं मागच्या दाराने ये-जा करत होतो, दूधवाल्यालाही तिकडूनच. एप्रिलच्या शेवटी दोन पिल्लं उडाली. मी म्हटलं, चला, आता देऊन टाकू. पण सोमवारपासून मादी पुन्हा चोचीत जाळं घेऊन फेऱ्या मारतेय, त्याच आकड्याकडे. १,९९९ रुपयांच्या चार आकड्यांपैकी एक कामी आला. सध्या तो भाड्याने दिलेला आहे आणि भाडेकरू उठवता येत नाही, हे पुण्यात तुला मी सांगायला नको.

वहिनींना नमस्कार. चाळण नवी विकत घे, त्यांची उचलू नकोस. मी घरातली उचलली होती. ते १४० रुपये हिशेबात धरलेत ना, ते तिला नवी आणून दिल्याचे. बोलणी वेगळी.

तुझा,
दिल्या