टॅलडिगाच्या मॅमना, नगरहून

मॅम, सप्रेम नमस्कार.

त्या दुपारी तुमच्या टॅलडिगा कॉलेजच्या ग्रंथालयात शिरल्या शिरल्या मी मोबाइलवर फोटो काढत सरळ पुढे निघाले होते. तुम्ही दंडाला धरून थांबवलंत. पायाखाली फरशीवर ‘अमिस्ताद’चं चित्र होतं, गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकन कैद्यांनी ज्यावर बंड केलं ते जहाज. त्यावर इथे कुणी पाय देत नाही, एवढंच म्हणालात. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे लहानपणी शिकलेल्या मला आणखी काही सांगायला लागलं नाही.

जेवायचं सोडून तुम्ही माझ्याबरोबर फिरलात, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या, कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या तुमच्या छोट्याशा कॉलेजविषयी मी वाचून आले होते ते एवढंच, की मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे जनरल स्वेन यांनी मदत केली आणि अमेरिकन मिशनरी असोसिएशन या गुलामीविरोधी ख्रिस्ती संस्थेने पैसे दिले. तुम्ही मला स्वेन हॉलसमोर उभं केलंत आणि विल्यम सेव्हरी व थॉमस टॅरंट यांच्यापासून सुरुवात केलीत. १८५२-५३ मध्ये ही इमारत गोऱ्या मुलांच्या बाप्टिस्ट शाळेसाठी उभी राहिली, तेव्हा तिथे राबलेल्या गुलामांत हे दोघे होते. १८६५ मध्ये गुलामी संपली आणि त्याच नोव्हेंबरात, मोबाइल शहरातल्या मुक्त झालेल्यांच्या सभेत, मुलांना शिकवल्याशिवाय आपलं स्वातंत्र्य टिकायचं नाही असं ठरवून ते गावी परतले. सुताराच्या ओस पडलेल्या दुकानाचं लाकूड काढून एका खोलीची शाळा बांधली. मुलं मावेनात. तेवढ्यात ती जुनी बाप्टिस्ट शाळा कर्जापायी विक्रीला निघाली. या दोघांनी स्वेनना गळ घातली, स्वेननी असोसिएशनला. सुमारे २० एकर जमिनीसह ती २३,००० डॉलरला घेतली गेली आणि नोव्हेंबर १८६७ मध्ये जवळजवळ १४० विद्यार्थ्यांनी तिथे शाळा भरली.

“वीट कुणी रचली ते आधी विचारायचं,” असं तुम्ही म्हणालात. मग चित्रकार हेल वुडरफ यांच्या चित्रातला शाळेचा पहिला दिवस दाखवलात, फीपोटी जनावरं आणि शेतमाल घेऊन आलेली माणसं. मी तिथे रडले, त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही.

माझी आजी नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकली. हे मिशन ‘अमेरिकन बोर्ड’ या जुन्या मिशनरी संस्थेचं. ते बोर्ड गुलामीविरुद्ध ठामपणे बोलत नाही म्हणून नाराज झालेल्यांनी, अमिस्तादच्या कैद्यांसाठी लढलेल्यांना घेऊन, १८४६ मध्ये तुमची असोसिएशन काढली. म्हणजे आपल्या दोन्ही शाळांचं नातं आहे, आणि भांडणही. आजीचं शिक्षण आमच्या घरात कायम ‘साहेबांचे उपकार’ म्हणूनच सांगितलं गेलं. तिच्या फीसाठी पणजी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, हे कुणी सांगत नसे. ते मला त्या चित्रासमोर आठवलं.

निघताना मी जोतीराव फुल्यांविषयी सांगितलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केली, तेव्हा तुमची शाळा जेमतेम सहा वर्षांची होती. तुम्ही ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत आणि कागदावर उतरवलंत.

आजीच्या शाळेच्या दगडी जोत्याचा फोटो सोबत पाठवते आहे. ते रचणाऱ्या गवंड्यांची नावं शोधते आहे. सापडली की तुम्हाला कळवीन.

तुमची,
नगरची पाहुणी